गुळाचं पाणी

हिरीबाईनं पदराखालून बाटली काढली आणि मगनभाईंच्या ओट्यावर, तुळशीच्या कुंडीला लागून, उभी ठेवली. ऊन नुकतंच गल्लीत उतरलं होतं. समोरचा शिंपी दुकानाच्या फळ्या काढत होता, तो एक फळी हातात धरून तसाच उभा राहिला. नंदुरबारात मगनभाईंना ओळखत नाही असा माणूस नव्हता, आणि मगनभाई म्हणजे दारूबंदी हेही कुणाला सांगावं लागत नव्हतं. अशा माणसाच्या दारात, भर उजेडात, दारूची बाटली. मगनभाई टकळीवर सूत काढत होते. धागा तुटला.

"भाऊ, हाई तुन्ही शे," हिरीबाई म्हणाली.

"हे काय, हिरीबाई?"

"दारू."

"ते दिसतं मला. माझ्या घरी आणलीस?"

"मंग कोना घर लई जाऊ?" ती पायरीवर टेकली. मोलगीच्या वरच्या अंगाला तिचा पाडा. तिथून डोंगर उतरून, तापी ओलांडून ती पायी आली होती. टाचांच्या भेगांत अजून नदीची रेती होती. "मन्हा पोऱ्या जेठ्या गया. जामसिंग ऱ्हायना शे. आते मोह फुलाले लागी. धुडकू मन्हा जामसिंगले मारी, नही तं जामसिंग त्याले मारी. मन्हासाठे दोन्ही एकच. वाद तू मिटाडेल व्हता भाऊ, पानी पाजीसन. तो मिटना नही. आते तू ये, पंचात बस, पहिला द्रोण तू पे. मंग त्या दोन्ही पेतीन. मंग मिटी."

"मी प्यायची?"

"ज्यानी मिटाडा त्यानीच पहिला घोट लेवो. दुसरा पंच चालत नही." ती रडली नाही, पाया पडली नाही. बैल लंगडतो आहे असं सांगावं तसं तिनं सांगितलं आणि उठली. "बाजारना दिन ये," म्हणाली, आणि गल्लीच्या वळणावर दिसेनाशी झाली. शिंप्यानं फळी खाली ठेवली.

मगनभाई बाटलीकडे बघत राहिले. हात लावायचा नाही, हा नेम. दारूला नाही, भांड्याला नाही, प्यालेल्या माणसाच्या पैशालाही नाही. मग ती उचलायची कशी? आतून जमनाबाई आल्या. त्यांच्या तोंडाला चहाचा वास होता. मगनभाईंनी घरात चहा बंद केल्याला बरीच वर्षं झाली होती, आणि जमनाबाई मागच्या अंगणात चूल पेटवून तो पितात हे मगनभाईंना तितकीच वर्षं माहीत होतं. दोघंही त्यावर बोलत नसत.

"गाव दखी ऱ्हायनं," जमनाबाई म्हणाल्या. "ओटावरच ठेवनी शे का तिले?"

"राहू दे. कुणाला तरी बोलावतो."

"बोलावा, म्हणजे आखो चार जन दखतीन." त्यांनी वाकून बाटली उचलली. "नेम तुम्हना शे, मन्हा थोडाच शे?" त्यांनी ती घरात नेली, कोपऱ्यात ठेवली आणि तिच्यावर भाकरीची टोपली पालथी घातली. जाता जाता बोलल्या, "सरकारी दुकाननी शे. वर लाखना शिक्का शे."

तो शिक्का मगनभाईंनीही बघितला होता. बाटलीपेक्षा तोच त्यांना जास्त लागला होता. कारण हिरीबाईच्या घरची भट्टी त्यांनीच फोडायला लावली होती. आपल्या लोकांचं मंत्रिमंडळ होतं तेव्हाची गोष्ट, लढाई सुरू व्हायच्या आधीची. मगनभाई निवडून आले होते आणि डोंगरात पायी फिरत होते. पाड्यापाड्यातून बाया भट्टीची मडकी घेऊन यायच्या, एका खडकापाशी रांग लागायची, आणि एकेक मडकं फुटायचं. हिरीबाईनं आपलं मडकं हातात धरून ठेवलं होतं. ते तिच्या सासूचं होतं, बूड काळंभोर, काठ तिच्या पदरानं पुसून पुसून गुळगुळीत झालेला. तिनं ते फोडलं नाही, खडकावर नुसतं सोडून दिलं. त्या आवाजाचं मगनभाईंना तेव्हा समाधान वाटलं होतं. मग लढाई आली, मंत्रिमंडळानं राजीनामे दिले, आणि वरच्या साहेबांना लढाईसाठी पैसा हवा म्हणून बंद झालेली दुकानं पुन्हा उघडली. एक दुकान तर डोंगराच्या पायथ्यालाच उघडलं. आपली मडकी फोडून बसलेली माणसं डोंगर उतरून तिथं जाऊ लागली. हिरीबाई स्वतः पीत नव्हती. पण वाद मिटवायला दारू लागते आणि घरात मडकं नाही, म्हणून तिला ती विकत घ्यावी लागली. शिक्क्यासकट.

मगनभाईंनी टकळी उचलली. धागा जोडायला गेले तर बोटं घामानं ओली. त्यांनी ती धोतराला पुसली.

शहाद्याकडच्या काळ्या जमिनीत त्यांचा जन्म. वडिलांची शेती मोठी, आणि सालदार सगळे डोंगरातले. त्यातला दगा म्हणून एक होता. संध्याकाळ झाली की वडील ओसरीवर बसत, बाजूला दारूची घागर, आणि सालदार एकेक करून समोर येत. दगा दोन्ही हात जोडून, कोपरं वर उचलून ओंजळ पुढे करायचा. वडील धार सोडायचे. ओंजळीतून एक थेंब खाली जात नसे. वडील हसून म्हणत, हा दोर दिसत नाही, पण बैलाच्या दोरापेक्षा पक्का. लहान मगन खांबाआडून ते बघायचा. एकदा दुपारी दगा गोठ्यात झोपला होता, तापानं फणफणलेला, आणि झोपेतसुद्धा त्याची ओंजळ तशीच वर धरलेली होती. ती ओंजळ मगन पुढं आयुष्यभर विसरला नाही. दारू त्यांनी सोडली असं लोक म्हणत, पण त्यांनी ती कधी चाखलीच नव्हती. चहा, पान, तिखट, रागानं बोलणं, हे मात्र एकेक करून सोडलं. भाषणात ते सांगत, ज्याला आपली जीभ आवरत नाही त्यानं गाव आवरायला निघू नये. आणि राज्य कसं चालवावं, तर बाई डोक्यावर भरली घागर घेऊन चालते तसं. पळू नये, मान वळवू नये, कुणी हाक मारली तरी आधी पाय बघावा. जी सरकारं लोकांच्या नशेवर पोसतात ती धावतात फार, आणि एक दिवस सगळी घागर अंगावर घेतात. लोक टाळ्या वाजवत.

बेचाळीस साली त्यांच्याबरोबरचे लोक तारा तोडायला, रूळ उखडायला निघाले तेव्हाही मगनभाई हेच म्हणाले. सावकाश. घागर सांभाळा. ते तुरुंगात गेले, मगनभाई गेले नाहीत. आता रोज स्टेशनात फौजेच्या गाड्या थांबत, गोरे शिपाई खिडकीतून केळ्याची सालं फेकत, आणि गावात कुणी म्हणे मगनभाई शहाणा माणूस, कुणी म्हणे भित्रा. त्यांना स्वतःला दोन्ही खरं वाटे. सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरं.

पण एका गोष्टीचा त्यांना अभिमान होता, आणि तो त्यांनी कधी सोडला नव्हता. डोंगरातले वाद त्यांनी गुळाच्या पाण्यावर मिटवले होते. तिथली रीत अशी, की भांडण मिटलं म्हणजे दोन्हीकडच्या माणसांनी एकाच द्रोणातून दारू प्यायची. आधी जमिनीवर धार, ती पूर्वजांची. मग पंचाचा घोट, मग भांडणाऱ्यांचे. मगनभाईंनी दारू काढली आणि तिथं गूळ विरघळवलेलं पाणी ठेवलं. बाकी सगळं तेच. लोकांनी मानलं. गावोगाव त्यांना 'गूळपाणी भाई' असं नाव पडलं आणि ते त्यांना आवडलं.

जेठ्या आणि गोवाल यांचा वादही तसाच मिटला होता. दोन पाड्यांच्या मध्ये ओढा, ओढ्याच्या काठी मोहाची झाडं, आणि फुलं कुणी वेचायची याचं भांडण बापजाद्यांपासूनचं. एकीकडे हिरीबाईची पोरं, जेठ्या आणि जामसिंग. दुसरीकडे गोवाल आणि त्याचा धाकटा भाऊ धुडकू. मगनभाईंनी झाडं वाटून दिली, अर्धी यांना, अर्धी त्यांना. म्हातारा पंच रूपसिंग बाजूला बसला होता. पाण्याचा द्रोण बघून तो एवढंच म्हणाला होता, "भाऊ, आमना मरेल लोके हाई पानी वयखतीन का?" आमचे मेलेले हे पाणी ओळखतील का. मगनभाई हसले होते. सगळे हसले होते. रूपसिंगही हसला होता. आता आठवलं, की तो सगळ्यात शेवटी हसला.

मागच्या चैत्रात पहाटे फुलं वेचताना गोवालनं जेठ्याला तीर मारला. मगनभाई त्याला कोठडीत भेटायला गेले. गजांपलीकडे गोवाल उकिडवा बसला होता, अंगानं वाळलेला, आणि मगनभाई आले म्हणून त्याला खरोखर आनंद झाला होता.

"का केलंस?" मगनभाईंनी विचारलं.

"तो मन्हा झाडखाले उना व्हता."

"वाद मिटला होता ना?"

गोवालनं खाली बघितलं. मगनभाईंना वाईट वाटू नये म्हणून तो शब्द शोधत होता. "रागे भरू नको भाऊ. तू उन्हामा चालीसन उना व्हता, तुले नही कशे म्हनाव? पन वाद मिटनाच नव्हता. आम्ही पानी पिनूत. पानी तं ढोरं बी पेतस."

गोवालला जन्मठेप झाली. न्यायाधीशापुढं हे कुणी बोललं नाही, आणि कुणी मगनभाईंना दोष दिला नाही. तेव्हापासून मात्र पाण्याचा तांब्या तोंडाला लावला की त्यांना ढोरं आठवत. हाळावर माना घालून, डोळे मिटून पिणारी.

बाटली आल्याच्या दुसऱ्या दिवशी सुपडू न्हावी दाढी करायला आला. साबण फिरवत म्हणाला, "भाऊ, आयकं का पावनी उनी तुम्हना घर? बाटलीबाई?"

"वस्तरा धर नीट."

"मी नीटच धरेल शे. तुम्हनी मान हाली ऱ्हायनी." मग खालच्या आवाजात म्हणाला, "एक घोटमा काय व्हस भाऊ? पोऱ्या वाचस तं?"

मगनभाईंच्या गळ्यावर वस्तरा होता. एका घोटानं काय होतं, हे त्यांनी रात्रभर तपासलं होतं. जीव वाचतो, हे खरं. पण हिरीबाईनं सासूचं मडकं सोडून दिलं ते कुणाच्या शब्दावर? त्या खडकापाशी उभ्या राहिलेल्या सगळ्या बाया, ज्यांची घरं तरी थोडी सुधारली, ज्यांच्या अंगावरचे वळ गेले, त्या ऐकतील की भाऊ प्याला. पायथ्याचा दुकानदार तर हे ओरडून सांगेल. आणि ज्यांना प्यायचंच आहे त्यांना तेवढं निमित्त पुरेल. एका पोराच्या जिवासाठी इतकी घरं? असं म्हटलं की ते स्वतःला बरोबर वाटत. मग टोपलीकडे नजर जाई, आणि त्यांना कळे की हा सगळा हिशेब घागर सांभाळणाऱ्या माणसाचा आहे. डोक्यावर ओझं आहे म्हणून त्याला खाली पडलेला माणूस दिसत नाही. आणखीही एक भीती होती, ती ते स्वतःलाही नीट सांगत नव्हते. इतकं सगळं सोडून सोडून आत जे उरलं होतं त्याला ते मगनभाई म्हणत. तो एक नेम काढला, तर तिथं कोण असेल?

बाजाराचा दिवस आला. त्या दिवशी धान्य समितीची बैठक होती. मगनभाईंनी निरोप पाठवला, पुढच्या बाजाराला येतो. बैठकीत ज्वारीचे भाव वाचून दाखवले गेले, सगळ्यांनी माना हलवल्या. मगनभाई गेले नसते तरी ज्वारीचे भाव तेच राहिले असते. त्यांना हे तिथं बसल्या बसल्याच समजलं होतं, आणि तरी ते शेवटपर्यंत बसले.

पुढच्या बाजाराला ते निघाले. टोपली त्यांनी स्वतः उचलली. जमनाबाई दारात उभ्या होत्या. मगनभाईंनी बाटली हातात घेतली. ती अगदी साधी, गार होती. त्यांनी ती पंच्यात गुंडाळून पिशवीत घातली. जमनाबाई काही टोमणा मारतील असं त्यांना वाटलं होतं, पण त्या म्हणाल्या, "जपीसन जा. अनशापोटी पेऊ नका. पहिले भाकर खाई ल्या." त्या काय बोलल्या हे लक्षात आल्यावर दोघांनीही दुसरीकडे बघितलं.

डोंगराच्या पायथ्यापर्यंत बैलगाडी. पुढं पायवाट. गुडघे दुखत होते, पिशवी मांडीवर आपटत होती आणि दर वेळी आतून हलका आवाज येत होता. साग उघडे पडले होते, त्यांची पानं पायाखाली पापडासारखी मोडत होती. ते जितके वर चढत गेले तितकं त्यांना हलकं वाटू लागलं. पिऊ. एक घोट पिऊ, आणि खाली जाऊन सगळ्यांना सांगू, होय, मी प्यालो. लोकांना जे म्हणायचं ते म्हणोत. घागर फुटली तर फुटली, मान तरी वळवता येईल. किती वर्षांत त्यांनी मान वळवली नव्हती. एका वळणावर ते थांबले आणि उगीचच मागं बघितलं. खाली तापीचं पांढरं पात्र दिसत होतं. ते हसले. एकटेच.

ओढ्याच्या काठी, मोहाच्या झाडाखाली सगळे बसले होते. तीरकामठे रीतीप्रमाणे झाडाला टेकवून ठेवलेले. एका बाजूला जामसिंग, दुसऱ्या बाजूला धुडकू, मध्ये रूपसिंग. झाडाची पानं गळून गेली होती आणि फांद्यांच्या टोकांना कळ्यांचे झुबके धरले होते. मगनभाईंना बघून सगळे उठले.

"बठ भाऊ, बठ. थकी गया तू."

मगनभाई बसले. श्वास लागला होता. त्यांनी पिशवीत हात घातला, पंचा सोडला आणि बाटली मध्ये ठेवली. "रूपसिंगबाबा," ते म्हणाले, "मी पितो. मी मिटवला होता, मीच पितो. द्रोण आणा."

कुणी हललं नाही. हिरीबाई मागं बायांत उभी होती. तिनं पदर तोंडात धरला होता.

जामसिंग उठला. तिशीच्या आतला, रुंद खांद्यांचा. मगनभाईंच्या हातावर त्यानं पोरवयात दारू न पिण्याचा नेम घेतला होता आणि लग्नातसुद्धा तो मोडला नव्हता. "नही भाऊ," तो म्हणाला.

"काय नाही?"

"तू पेवाव नही. आणि तू पिना तरी मी पेवाव नही. तूच सांगेल व्हतं. जीव गया तं गया, नेम जावाले नको."

हे त्यांचेच शब्द. कोणत्या बाजारात, कोणत्या खडकावर उभं राहून ते बोलले होते हे मगनभाईंना आठवेना. "अरे, मी सांगतो ना आता," ते म्हणाले. आवाज त्यांना ओळखीचा वाटला नाही. "मीच सांगतो, पी. आजच्या दिवस पी. जामसिंग, मी चुकलो होतो."

"तू थकेल शे भाऊ," जामसिंग मायेनं म्हणाला. "मागला बाजारले तू उना नही. आम्ही बठूत, बोलनूत. माय बोलनी तुन्हं तोंड कशे उतरी गयतं ते. सगळासनी ठरावं, भाऊनी लाज राखनी. धुडकू बी हा म्हने."

धुडकूनं मान डोलावली. "हा भाऊ. तू बाप शे आम्हना. तुन्हा नेम आम्ही कसाले मोडूत?" तो खरंच आदरानं बोलत होता. वाद मिटला, असं मात्र तो म्हणाला नाही.

मग जामसिंगनं बाटली उचलली, दातानं लाख काढली आणि सगळी दारू झाडाच्या बुडाशी ओतून टाकली. माती ती पीत राहिली. वास वर आला, गोड आणि आंबूस, आणि बसलेल्या म्हाताऱ्यांची नाकं नकळत तिकडं वळली. मगनभाईंचंही वळलं. हात पुढं करून त्याचं मनगट धरावं, एवढा वेळ होता. त्यांनी हात उचलला नाही. उचलायची सवय नव्हती.

कुणीतरी मडकं आणलं. पळसाचा द्रोण मगनभाईंच्या हातात आला. गुळाचं पाणी. त्यांनी ते घेतलं. मग तोच द्रोण भरून जामसिंगला गेला, मग धुडकूला. धुडकूनं शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन मिशा पुसल्या, रिकामा द्रोण मगनभाईंच्या हातात परत दिला आणि हसून सगळ्यांना रामराम केला. रूपसिंग पाणी न घेताच उठला होता. तो ओढ्याकडे बघत उभा राहिला.

हिरीबाई पुढं आली. झाडाच्या बुडाशी बसली, दारूनं भिजलेली माती मुठीत घेतली आणि जामसिंगजवळ जाऊन त्याच्या ओठांना लावू लागली. तो तोंड फिरवत होता, हसत होता, "माय, काय करी ऱ्हायनी, लोके दखी ऱ्हायनात," म्हणत होता. तिनं त्याची हनुवटी घट्ट धरली. माती त्याच्या मिटलेल्या ओठांवर बसली, आत गेली नाही. त्यानं मनगटानं ती पुसून टाकली.

धुडकूनं झाडाला टेकवलेला आपला तीरकामठा उचलला, खांद्याला लावला. "येस भाऊ," म्हणून त्यानं निरोप घेतला. जाता जाता त्यानं वर फांद्यांकडे बघितलं, कळ्या किती धरल्या आहेत ते बघावं तसं.

मगनभाईंच्या घशात गूळ चिकटून बसला होता. मडकं घेऊन फिरणारी बाई त्यांच्यासमोर येऊन वाकली. रमीबाई तिचं नाव, धुडकूची बायको.

"भाऊ, आखो देऊ?" तिनं विचारलं.

मगनभाईंनी कोपरं वर उचलून दोन्ही हातांनी द्रोण पुढं केला.